मोडका पार्ट आधी दाखवा

फौजेच्या जुन्या जोंगा गाडीचा पार्ट मिळत नाही म्हणून कुणी माझ्याकडं आलं की मी पहिल्यांदा एवढंच विचारतो, मोडलेला कुठाय? बहुतेक वेळा तो नसतोच. मेस्त्रीनं काढला, कोपऱ्यात टाकला, दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्यानं उचलला. मग दिल्लीला फोन, जबलपूरला फोन, पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारची फेरी. सगळीकडून ‘नाही’ आलं की आपण म्हणतो, काय करणार, गाडीच रेअर आहे.

काहींना लागेल, पण बोलतो. जोंगाचे पार्ट दुर्मिळ व्हायला आपण गाडीवालेच बरेचसे जबाबदार आहोत. बेळगावच्या उद्यमबागेत माझं लहानसं मशीन शॉप आहे, तेव्हा हे मी गाडीवाला म्हणून बोलतोय आणि टर्नर म्हणूनही.

बेळगावकरांना जोंगा काय ते सांगायला नको. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथलंच, कॅम्पात लहानपण गेलेल्या कुणालाही ती हिरवी गाडी आणि तिचा सहा सिलिंडरचा घोगरा आवाज आठवत असणार. नव्या पोरांसाठी थोडक्यात: मूळ गाडी निस्सान पॅट्रोल ६०, आपल्याकडं लायसन्सवर जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत १९६९ पासून बनायला लागली आणि नव्वदचं दशक संपता संपता बंद झाली. पेट्रोल इंजिन, ३,९५६ सीसी. फौजेनं लिलावात काढल्या तशा त्या खानापूर, चंदगड, गडहिंग्लजकडं आल्या. कुणी उसाच्या फडात नेल्या, कुणी जांबोटीच्या चिखलात. २०१९ साली धोनीच्या जोंगाचे फोटो फिरले आणि गोठ्यात शेणी रचायला वापरलेल्या गाडीचाही भाव वाढला. गाड्यांचे भाव वाढले, पार्ट मात्र कुणी बनवले नाहीत.

जीपवाल्यांचं बरं आहे. दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू ज्याच्याकडं आहे त्याला इतकं हिंडावं लागत नाही. १९४१ ते १९४५ या काळात दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर बनल्या, आणि पुढं महिंद्रानं त्याच घराण्यातल्या जीपा कित्येक दशकं आपल्याकडं काढल्या. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केसमधलं बरंच सामान त्यामुळं आजही बाजारात सापडतं. त्यांचं दुखणं निराळं. फोर्डनं आपल्या बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा ‘एफ’ उठवला होता, त्यामुळं अस्सलपणाचं वेड लागलेला माणूस एका बोल्टापायी झोप घालवतो. जोंगा बनली फौजेसाठी, एकाच कारखान्यात. खाजगी गिऱ्हाईक जवळजवळ नव्हतंच, तर स्पेअरच्या दुकानदारानं माल भरून ठेवायचा कुणासाठी?

तरीसुद्धा, आपण ज्याला दुर्मिळ म्हणतो त्यातलं निम्मं सामान दुर्मिळ नसतंच. बेरिंगवर नंबर कोरलेला असतो आणि तो जोंगाचा नसतो, साऱ्या जगाचा असतो. ऑइल सीलला आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तीन मापं लागतात. युनिव्हर्सल जॉइंटचा क्रॉस कपच्या व्यासावर आणि लांबीवर हुडकता येतो. आमच्या ओळखीचे एक सुभेदारसाहेब आहेत, ईएमईतून, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागातून रिटायर झालेले, चंदगडकडचे. दुकानात शिरताना ते गाडीचं नाव काढूच देत नाहीत. एकदा मी त्यांच्यासोबत असताना माझ्या तोंडातून कानडीत निघालं, ‘जोंगाचं सील ऐतेन्री?’, म्हणजे आहे का? मालकानं वर न बघताच ‘इल्री’, नाही, म्हणून हात हलवला. सुभेदारसाहेबांनी खिशातून मापाचा व्हर्निअर काढला, जुनं सील काउंटरवर ठेवलं आणि तीन आकडे सांगितले. मालकानं मागच्या फळीवरून डबा काढून दिला. ते सील कुठल्याशा ट्रॅक्टरचं होतं.

मापावरून आठवलं. जोंगाच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८५.७ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ११४.३ मिमी. आकडे विचित्र वाटतात ना? इंचात करून बघा: सव्वातीन इंचाला एक सूत जास्त, आणि बरोबर साडेचार. गाडी जपानची असली तरी आतला हिशेब इंचाचा आहे. त्यामुळं या इंजिनाचा एखादा भाग मोजताना मिलिमीटरमध्ये वेडंवाकडं माप आलं तर ते आपल्या मनानं गोल करू नका. आधी इंचात तपासा. आमच्यातलेच चांगले कारागीर ‘पाव मिमीनं काय होतंय’ म्हणून फसतात.

परदेशातून मागवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ‘जोंगा’ म्हणून शोधू नका, तिकडं हे नाव कुणाला ठाऊक नाही. पॅट्रोल जी६० म्हणून शोधा, तेही ऑस्ट्रेलियाकडं. १९६२ साली रेग स्प्रिग नावाच्या भूवैज्ञानिकानं कुटुंबाला घेऊन अशाच पॅट्रोलमधून सिम्प्सन वाळवंट पार केलं, आणि तेव्हापासून तिकडच्या लोकांचा या गाडीवर जीव आहे. इंजिनाचं किरकोळ सामान, गॅस्केट, पॉइंट, कार्बोरेटरचं किट असलं तिकडून येऊ शकतं. फौजेसाठी म्हणून जे बदललं होतं ते मात्र जुळत नाही, आणि कस्टम ड्युटी भरताना तोंड कडू होतं ते वेगळंच.

आता खरोखर जे मिळत नाही त्याकडं येतो. वॉटर पंपाची बॉडी, थर्मोस्टॅटचं झाकण, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. सगळी कास्टिंगची, म्हणजे धातू ओतून करायची कामं. मॅनिफोल्ड तापतो, निवतो, आणि लांब असल्यामुळं कुठंतरी तडकतो. पहिल्यांदा तडकला तर तो गेला असं समजू नका. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं वेल्डिंग जाणणाऱ्याकडं न्या: आधी सगळा भाग तापवून, निकेलच्या रॉडनं, थोडं थोडं, आणि नंतर राखेत किंवा चुन्यात गाडून सावकाश निववून. घाईनं गार केला तर वेल्डिंगच्या शेजारीच नवी चीर पडते.

वेल्डिंगच्या पलीकडं गेला तर ओतायचा. आणि इथंच मला आपल्या लोकांचा राग येतो. बेळगावात आणि कोल्हापुरात किती फौंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने आहेत ते मोजत बसायला नको. उद्यमबाग, मच्छे, होनगा, तिकडं शिरोली, गोकुळ शिरगाव. हत्तरगीला विमानाचे भाग बनतात, विमानाचे! आणि आपण पंपाच्या एका बॉडीसाठी दिल्लीच्या मायापुरीतल्या अनोळखी माणसाला ॲडव्हान्स पाठवतो. तो फोटो एका वस्तूचा दाखवतो आणि पोत्यातून दुसरीच निघते.

ओतकामात फसायच्या जागा ठरलेल्या आहेत. जुना पार्टच पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना म्हणून वाळूत दाबला तर नवा लहान येतो, कारण बीड निवताना साधारण एक टक्का आकसतं. २०० मिमीचा भाग १९८ चा होतो, आणि मग बोल्टाचे उंचवटे जागच्या जागी येत नाहीत. म्हणून पॅटर्न मुद्दाम मोठा करावा लागतो. जिथं मशिनिंग करायचं त्या तोंडांवर दोन-तीन मिमी जास्तीचा माल ठेवायचा. आतल्या पोकळीसाठी कोअर, म्हणजे वाळूचा गाभा, वेगळा. पॅटर्नवाल्या मेस्त्रींना हे सांगावं लागत नाही, त्यांची पट्टीच आकसण्याचा हिशेब धरून आखलेली असते. आता तर मोडक्या पार्टचं थ्रीडी स्कॅन करून, तुटलेली कड संगणकावर भरून, प्लास्टिकचा पॅटर्न छापून घेता येतो. दोन तुकडे झालेले असले तरी चालतात. पण तुकडे तर हवेत! भंगारात गेलेल्या पार्टचं स्कॅन कसं करायचं?

आणखी एक: फौंड्रीवाला एक नग ओतत नाही. का ओतावा? पॅटर्नचा खर्च एका नगाला सोसत नाही, आणि त्याची भट्टी कंपनीच्या ऑर्डरवर चालते. पाच-सहा गाडीवाले एकत्र आले तर तोच खर्च सुसह्य होतो आणि पॅटर्न पुढच्यालाही उपयोगी पडतो. पण आपण एकत्र येतो का? एकाला गिअरचं सामान मिळालं की तो दुकानाचा पत्ता सासूरवाडीच्या दागिन्यासारखा लपवून ठेवतो. दुसऱ्यानं दोन वॉटर पंप माळ्यावर टाकलेत, त्याला एकही लागत नाही, पण देणार नाही. भाव वाढायची वाट बघतोय. या लोकांना मी तोंडावर बोललोय, म्हणून इथंही लिहितो.

हे ओतायचं वेड कुठं थांबवायचं तेही सांगतो, कारण एकानं मला स्टीअरिंग आर्म ओतून द्या म्हटलं होतं. मी हाकलून दिला. तो भाग घडाईचा असतो, फोर्ज्ड. बिडात ओतला तर दिसेल तस्साच, आणि चोर्ला घाटाच्या वळणावर तुटेल. स्टीअरिंग आणि ब्रेक या दोन ठिकाणी नक्कल नको. व्हील सिलिंडर गंजला असेल तर बोअर मोठा करून आत स्टेनलेसचा स्लीव्ह बसवा, मूळ माप परत येतं आणि त्या मापाचे रबरी कप बाजारात मिळतात. जुन्या फौजी पाकिटातले न वापरलेले ब्रेकचे रबर बघून हुरळू नका. पाकीट नवं दिसतं, आतलं रबर कधीच ताठलेलं असतं. बेरिंग किंवा गिअर ग्रीसमध्ये गुंडाळून तीस-चाळीस वर्षं राहिला तर चालेल, रबर नाही.

डिझेल इंजिन बसवण्याचं काय, हा वाद दर वेळी होतो. लिटरला चार-पाच किलोमीटर जाणारी गाडी रोज कोण चालवणार, हे मला कळतं. ज्याला शेतात वापरायची आहे त्यानं बसवावं, मी नाक मुरडणार नाही. २०२१ च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांच्या वरची आणि मूळ रूपात राखलेली गाडीच बसते, तेवढं फक्त लक्षात ठेवा. इंजिन बदललं की त्या रांगेतून आपण बाहेर. पण माझा आक्षेप बसवण्याला नाहीच, काढलेलं इंजिन किलोवर विकण्याला आहे. त्या एका इंजिनात दुसऱ्या चार गाड्या चालू राहण्याचं सामान असतं: मॅनिफोल्ड, डिस्ट्रिब्युटर, फ्लायव्हील, पंप. भंगारवाला देतो त्यापेक्षा जास्त पैसे आम्ही देतो, फक्त आधी विचारा.

सध्या वॉटर पंपाच्या बॉडीचा पॅटर्न करायचं आमचं चाललंय. माझ्याकडं जी बॉडी आहे तिची मागची कड पूर्ण खाल्लेली आहे, त्या बाजूचं माप अंदाजानं धरायला मी तयार नाही. निपाणी, चिकोडी, खानापूर, चंदगड, कुठंही कुणाकडं मागची कड शाबूत असलेली बॉडी असेल, बाकी कितीही फुटलेली असली तरी, तर कळवा. विकत नको, दोन दिवस मोजायला द्या. मी स्वतः येऊन नेतो आणि परत आणून देतो. पहिल्या ओतकामातला एक नग देणाऱ्याला फुकट.