भूकंपात पळायचं की टेबलाखाली शिरायचं?

कट्ट्यावर वाद सुरू झाला तो नानांच्या एका वाक्यावरून. "जमीन हलली की उठायचं आणि बाहेर धूम ठोकायची. बाकी सगळं पुस्तकी!"

"आणि चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यानं?" ताईनं विचारलं. ती अपघात विभागात नर्स आहे, त्यामुळे असल्या विषयात ती गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"त्यानंही जिन्यानं खाली यायचं. लिफ्ट वापरायची नाही एवढं मलाही कळतं."

"नाना, तेवढा वेळ मिळतो कुठे?" आमचा इंजिनिअर मित्र म्हणाला. इमारतींची संरचना तपासणं हेच त्याचं रोजचं काम. "नेपाळात २०१५ साली ७.८ चा भूकंप झाला, तेव्हा जोराचा हादरा मिनिटभराच्या आसपास होता. लहान भूकंपात तर दहा-वीस सेकंदांत सगळं आटोपतं. पहिले काही सेकंद काय चाललंय हे कळण्यातच जातात. पुढच्या सेकंदांत पायाखालची लादी सरकत असते. माणूस पळत नाही, पडतो. आणि जिना हा इमारतीतला सगळ्यात वाईट भाग. दोन मजल्यांमध्ये तो तिरका अडकलेला असतो, म्हणून हादऱ्याचा ताण स्वतःवर ओढून घेतो. त्यात सगळे एकदम उतरायला लागले तर चेंगराचेंगरी ठरलेली. एवढं करून दाराबाहेर पोचलात तर वरून कठडे, काचा आणि सज्जाचे तुकडे नेमके तिथेच पडत असतात."

नाना ऐकून घेणाऱ्यांतले नाहीत. "मग किल्लारीचं काय सांगशील? ३० सप्टेंबर १९९३. पहाटे तीन छप्पन्न. माणसं झोपेत गाडली गेली. तिथे टेबलाखाली शिरून कोण वाचलं असतं?"

यावर क्षणभर कुणी बोललं नाही, कारण नानांचं बरोबर होतं. इंजिनिअरनंही ते मान्य केलं. किल्लारीचा भूकंप ६.२ चा, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यमच. पण घरं कशी होती? चिखलात रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, आणि लाकडावर पेललेलं मातीच्या जाड थराचं छप्पर. भिंत बाहेरून एकसंध दिसायची, पण आतून ती दगडांच्या दोन वेगळ्या थरांची होती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड क्वचितच घातलेले. हादऱ्यात थर फुगले, सुटले आणि वरची माती खाली आली. अशा घरात टेबल काय करणार?

"म्हणून मी प्रत्येकाला आधी एकच विचारतो," तो म्हणाला, "घर कशाचं आहे? दगडमातीचं असेल, तुम्ही तळमजल्यावर असाल, दार चार पावलांवर असेल आणि बाहेर मोकळी जागा असेल, तर नाना म्हणतात तेच खरं. डोकं झाकून बाहेर पडा. पण नीट बांधलेली काँक्रीटची इमारत असेल, किंवा तुम्ही वरच्या मजल्यावर असाल, तर आहात तिथेच खाली बसा, मजबूत टेबलाखाली डोकं-मान घाला आणि टेबलाचा पाय घट्ट धरा. तो धरला नाही तर टेबल एकीकडे जातं आणि तुम्ही दुसरीकडे."

मला वाटतं, या विषयावरचे निम्मे वाद इथेच मिटले असते. एकच नियम सगळ्या घरांना लावला की ऐकणाऱ्याचा विश्वास उडतो. किल्लारी पाहिलेल्या माणसाला तुम्ही डोळे झाकून 'टेबलाखाली बसा' म्हणालात, तर तो पुढचं काही ऐकणारच नाही.

मास्तरांना मात्र वेगळीच शंका होती. "आम्ही वर्षानुवर्षं मुलांना दाराच्या चौकटीत उभं राहायला शिकवलं. ते चुकीचं?"

"जुन्या मातीच्या घरांत भिंती पडून चौकट तेवढी उभी राहिलेली दिसायची, त्यावरून तो समज पसरला. आजची चौकट भिंतीपेक्षा मजबूत नसते. उलट दार आपटून बोटं चिरडतात, आणि डोक्यावर झाकायला काहीच नसतं."

कॉलेजात जाणाऱ्या धाकट्यानं फोन पुढे केला. त्याच्या ग्रुपवर एक निरोप फिरत होता. टेबलाखाली जाऊ नका, सोफ्याच्या किंवा पलंगाच्या शेजारी आडवे व्हा, तिथे त्रिकोणी पोकळी राहते आणि माणूस वाचतो, असा. हा निरोप कित्येक वर्षं फिरतोय आणि दर मोठ्या भूकंपानंतर पुन्हा उगवतो.

"यात इमारत पूर्ण कोसळणार असं धरून चाललेत," इंजिनिअर म्हणाला. "बऱ्या बांधलेल्या बहुतेक इमारती उभ्या राहतात. माणूस जखमी होतो तो घरातल्या वस्तू अंगावर पडून. सोफ्याशेजारी उघड्यावर पडून राहिलात तर शेजारचं कपाट थेट तुमच्यावर. शिवाय सोफा कुठल्या बाजूला सरकणार हे तुम्हाला आधी कोण सांगणार?"

"आणि झोपेत असताना?" मास्तर.

"पलंगावरच राहा. पालथे व्हा, उशीनं डोकं आणि मान झाका. अंधारात उठून चालायला लागलात की जास्त लागतं. चाकाच्या खुर्चीत असणाऱ्यानं चाकं लॉक करावीत, पुढे वाकावं आणि हातांनी मान झाकावी."

इथपर्यंत सगळं हादऱ्याच्या त्या मिनिटाबद्दल चाललं होतं. माझ्या मते घर वाचतं की नाही ते त्याच्या बरंच आधी ठरतं, आणि इंजिनिअरनं तो विषय काढला तेव्हा मला बरं वाटलं.

"सहा फूट उंच आणि दीड फूट खोल कपाट घ्या. खोली भागिले उंची, म्हणजे पाव. गुरुत्वाकर्षणाच्या पाव पट आडवा धक्का बसला की त्या कपाटाची मागची कड जमिनीवरून उचलली जायला लागते. मोठ्या भूकंपाच्या केंद्राजवळ एवढा धक्का सहज बसतो, वरच्या मजल्यांवर त्याहून जास्त. आता मला सांगा, तुमचं कपाट कुठे आहे?"

"पलंगाच्या पायथ्याशी," धाकटा म्हणाला.

"आणि पलंगाच्या डोक्याशी?"

"खिडकी. वर माळा."

जपानमधल्या कोबेला १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५.४६ वाजता भूकंप झाला. सहा हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातले बरेच जण घरं आणि फर्निचर यांच्याखाली चिरडून. वेळ पहाटेची, म्हणजे बहुतेक जण अंथरुणात. किल्लारीही पहाटेचीच. तुर्कस्तानचा २०२३ चा भूकंपही पहाटे चार वाजून सतरा मिनिटांनी. भूकंपाला रात्र-दिवस कळत नाही हे खरं, पण आपण दिवसाचा तिसरा हिस्सा अंथरुणात काढतो. म्हणून घरात काही करायचं तर सुरुवात झोपण्याच्या खोलीपासून.

कपाट कसं बसवायचं हे त्यानं कट्ट्याच्या भिंतीवरच दाखवलं. बोटानं ठोकून म्हणाला, "हा वरचा थर गिलाव्याचा, अर्धा-पाऊण इंच. नुसत्या यात स्क्रू मारला तर पहिल्या धक्क्याला गिलाव्यासकट बाहेर येईल. ड्रिलचं भोक विटेत किंवा काँक्रीटमध्ये दोन इंच तरी आत जायला हवं. दोन विटांच्या सांध्यात नको, भर विटेत. मग स्क्रू पकडून ठेवणारी गिट्टी, मग स्क्रू. कपाटाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांना लोखंडी अँगल. आणि अँगल कपाटाच्या पातळ पाठीला जोडू नका, चौकटीला जोडा, नाहीतर पाठ भिंतीवर राहील आणि कपाट तुमच्या अंगावर."

नाना एवढा वेळ नकारार्थी मान हलवत होते. "भाड्याच्या घरात भोकं कोण पाडू देतं?"

"तर मग कपाट हलवा. अशा भिंतीला लावा की पडलं तरी पलंगावर पडणार नाही आणि दार अडणार नाही. जड सामान खालच्या फळीवर घ्या. पलंगाच्या वर टांगलेली फ्रेम काढा. याला भोक लागत नाही."

यावर नाना गप्प झाले. मला वाटतं त्या संध्याकाळचा सगळ्यात कामाचा सल्ला तोच होता.

ताईचा आग्रह वेगळाच होता. पलंगाच्या पायाला एक पिशवी बांधून ठेवा, आणि पिशवीत जाड तळव्याचे बूट, टॉर्च, शिट्टी, असेल तर जास्तीचा चष्मा. "बांधून का, तर नुसती ठेवलेली वस्तू घरंगळत जाते. आणि बूट का, तर अंधारात, काचांच्या खचात, अनवाणी उतरलेला माणूस दोन पावलांत निकामी होतो. तो मुलाला उचलू शकत नाही, आईला बाहेर काढू शकत नाही. मदत करणारा माणूसच पेशंट झाला तर मग कुणी कुणाकडे बघायचं?" रक्त थांबवायचं तर स्वच्छ कापडानं थेट जखमेवर दाबून धरायचं आणि सारखं उचलून बघायचं नाही, हेही तिनं दोनदा सांगितलं. जड वजनाखाली बराच वेळ चिरडून राहिलेल्याला ओढून काढायची घाई करू नका, दाब सुटल्यावर शरीरात विषारी द्रव्यं एकदम पसरू शकतात, जमलं तर वैद्यकीय मदत आधी बोलवा, असंही ती म्हणाली. मला हे माहीत नव्हतं.

आग हा विषय मास्तरांनी काढला. जपानमध्ये १ सप्टेंबर १९२३ ला दुपारी बाराला दोन मिनिटं असताना कांतोचा भूकंप झाला. चुली पेटलेल्या होत्या. टोकियो आणि योकोहामा जळाले, लाखाहून अधिक माणसं गेली, आणि त्यातली बहुसंख्य आगीत. सॅन फ्रान्सिस्कोतही १९०६ साली भूकंपापेक्षा नंतरच्या आगींनीच जास्त नासधूस केली. म्हणून सिलिंडर साखळीनं भिंतीला बांधायचा, हादरा थांबला की रेग्युलेटर बंद करायचा, आणि वास आला तर काडी नाही, लायटर नाही, दिव्याचं बटणही नाही. खिडकी उघडायची आणि बाहेर पडायचं. घरातल्या प्रत्येकाला, दहा वर्षांच्या पोरालाही, रेग्युलेटर बंद करता आला पाहिजे.

साठ्याबद्दल फारसा वाद झाला नाही. माणशी रोज चार लिटर पाणी, कमीत कमी तीन दिवसांचं. चौघांच्या घराला अठ्ठेचाळीस लिटर. शिजवायला न लागणारं खाणं, रोजची औषधं, कागदपत्रांच्या प्रती, थोडी रोकड. बहुतेक सल्ले इथूनच सुरू होतात आणि इथेच संपतात, याचं मला वाईट वाटतं. पिशवी भरून दाराशी ठेवली आणि कपाट तसंच मोकळं राहिलं, तर ती पिशवी उचलणार कोण?

धाकट्यानं विचारलं, "पण आधी कळत नाही का? कुत्री भुंकतात म्हणे."

मास्तर ताडकन म्हणाले, "चीनमध्ये १९७५ ला हायचेंगला भूकंपाच्या आधी लोकांना बाहेर काढलं होतं, त्याचं फार कौतुक झालं. पुढच्याच वर्षी तांगशानला काहीही इशारा नव्हता, आणि सरकारी आकड्याप्रमाणेच दोन लाख बेचाळीस हजार माणसं गेली. तारीख-वार सांगणारा निरोप आला की तो खोटा समजायचा." इशारा मिळतो तो काही सेकंदांचा. आधी येणारी लहर सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते, खरी मोडतोड करणारी साडेतीनच्या आसपास. पहिली लहर यंत्रांनी टिपली की त्या फरकात फोनवर इशारा वाजू शकतो. केंद्र जितकं दूर तितके सेकंद जास्त. केंद्राच्या डोक्यावर असाल तर एकही नाही.

मग नानांनी पुन्हा उचल खाल्ली. "तू सारखं म्हणतोस, नीट बांधलेली इमारत. ती नीट आहे हे मला कसं कळणार?"

इंजिनिअरचा आवाज इथे चढला. "पार्किंगसाठी तळमजला मोकळा ठेवून वर पाच मजले चढवतात, तिकडे बघा. वर भिंतींनी ताठ झालेलं वजन आणि खाली नुसते खांब. हादऱ्यात सगळी हालचाल त्या खांबांतच होते. भूजचा भूकंप २६ जानेवारी २००१ चा. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर अहमदाबादेत इमारती कोसळल्या, आणि त्यांत अशा मोकळ्या तळमजल्याच्या कितीतरी होत्या. आता कुणी दुकान मोठं करायला भिंत पाडतं, कुणी पाइप न्यायला तुळईत भोक पाडतं, कुणी गच्चीवर आणखी टाक्या चढवतं. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन! हे सगळं करताना शेजारचे बघत असतात आणि कुणी काही विचारत नाही. विचारा! नकाशा मागा, संरचनेची तपासणी करून घ्या, खांबांना मजबुती देता येते. दगडमातीच्या घरालाही देता येते. छपरावरची माती कमी करा, आरपार दगड घाला, भिंतींना वरून चौफेर काँक्रीटचा पट्टा द्या."

"खर्च?"

"नाना, खर्च आहेच. पण अँगल आणि पलंगाची जागा यांना तो फारसा नाही. तिथून सुरू करा."

शेवटचा मुद्दा ताईचा. कोबेच्या त्याच भूकंपात कोबेजवळच्या अवाजी बेटावरच्या होकुदान गावात गाडलेल्यांना गावकऱ्यांनीच बाहेर काढलं आणि त्याच दिवशी सगळ्यांचा ठावठिकाणा लावला. कारण कुठल्या घरात आजी कुठल्या खोलीत झोपते हे शेजाऱ्यांना माहीत होतं. पहिल्या काही तासांत यंत्रणा पोचत नाही, पोचतात ते शेजारीच. "आपण आपल्या इमारतीत तेवढी यादी करू," ती म्हणाली. "कोण कुठे झोपतं, कुणाला चालता येत नाही, कुणाला रोज कुठलं औषध लागतं."

"आमच्या झोपायच्या खोल्या परक्यांना कशाला सांगायच्या?" धाकट्याच्या आवाजात नाराजी होती. त्याचंही मला पटलं. यादी कुणाकडे राहणार यावर बराच खल झाला. शेवटी ठरलं की ती ग्रुपवर टाकायची नाही, दर मजल्यावर दोन घरांत कागदावर ठेवायची.

नानांनी तिथेच लिहायला सांगितलं. "मागची खोली, खिडकीकडची बाजू. आणि रात्री मी कानातलं यंत्र काढून ठेवतो. नुसत्या हाका मारत बसू नका, पाइपवर ठोका, ते मला हाताला कळेल."

"यंत्र पलंगाच्या पिशवीत ठेवा, नाना," ताई म्हणाली. "बुटांच्या शेजारी."