जागा आहे? मग ती शाळा नको

अभिनंदन. कंपनीने तुम्हाला लंडनला पाठवायचं ठरवलं, व्हिसा आला, सासूबाईंचे डोळे पुसून झाले. आता तुमच्या मनात येत असेल की मुलीच्या शाळेचं तिकडे पोचल्यावर बघू. असं म्हणणाऱ्यांची मुलंही पुढे शिकतात म्हणे. पण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा विषय निघत नाही, आणि निघालाच तर खाली फक्त हात जोडल्याची चिन्हं येतात.

मी या शहरात तीन वर्षं काढलीत, त्यांतली अडीच या एका विषयात. म्हणून चार शब्द सांगतो, फुकट. लंडनमध्ये फुकट मिळणारी दुसरी गोष्ट म्हणजे सरकारी शाळा, अगदी आपल्यासारख्या वर्क व्हिसावाल्यांच्या मुलांनाही. पण ते आपण मनावर घ्यायचं नाही. जी गोष्ट फुकट आहे तिच्यासाठी जास्तीत जास्त खर्च कसा करायचा, हाच आजचा विषय.

सुरुवात वेळेवर करा. इंग्लंडमध्ये यत्ता ठरते ती जन्मतारखेवर. ३१ ऑगस्टला चार वर्षांचं झालेलं मूल लगेच सप्टेंबरात रिसेप्शनच्या, म्हणजे शाळेतल्या सगळ्यात खालच्या वर्गात जाऊ शकतं. १ सप्टेंबरला जन्मलेलं आणखी वर्षभर थांबतं. तेव्हा बाळंतपणाच्या वेळीच डॉक्टरांशी याबद्दल बोलायला हवं होतं. राहून गेलं असेल तर ही तुमची पहिली चूक, पुढच्यांच्या मानाने किरकोळ. एक फायदा मात्र पदरात पाडून घ्या. इथे इयर वनला पाच वर्षं पुरी झालेली मुलं असतात, त्यामुळे आपल्याकडे पहिलीत बसणारं मूल इथे साधारणपणे इयर टूमध्ये बसतं. एक अक्षर जास्त न शिकता एक यत्ता पुढे. आजीला एवढंच कळवा, कारण सांगत बसू नका.

आता घर. भोळे लोक आधी घर बघतात आणि मग जवळची शाळा. तुम्ही आधी शाळा ठरवा, मग तिच्या कुंपणाला टेकून काही भाड्याने मिळतंय का ते बघा. सरकारी शाळेत जागांपेक्षा अर्ज जास्त आले की आधी ज्यांचा हक्क पहिला ती मुलं आत जातात, मग बहुतेक शाळांत आधीच शिकणाऱ्यांची धाकटी भावंडं, आणि उरलेल्या जागा अंतरावर वाटतात. अंतर बहुतेक ठिकाणी सरळ रेषेत मोजतात. मध्ये रेल्वेचे रूळ असोत नाहीतर कुणाचं परसदार, रेषेला काही फरक पडत नाही. इंग्रज या मोजणीला कावळ्याच्या उडण्याचं अंतर म्हणतो. आपण कावळ्याकडे वेगळ्या कामासाठी बघतो. घास ठेवायचा, हात जोडायचे, आणि शिवला नाही तर गेलेल्याची कोणती इच्छा राहिली असेल याचा विचार करायचा. लंडनमध्येही पद्धत तीच आहे, फक्त माणूस जिवंत असतो.

आमचंच सांगतो. हव्या त्या शाळेपासून ०.३८७ मैलांवर फ्लॅट घेतला. हो, तीन दशांश स्थळांपर्यंत. सोनंसुद्धा लोक इतकं बारीक तोलत नाहीत. आधीच्या वर्षी शेवटचं मूल ०.४१२ मैलांवरून आत गेलं होतं, म्हणजे आमचं काम झाल्यातच जमा. आमच्या वर्षी रेषा ०.३८१ वर थांबली. फरक दहा मीटरहून कमी. मी काउन्सिलला, म्हणजे इथल्या पालिकेला, ईमेल केला की मुलगी रस्त्याकडच्या खोलीत झोपते, तर तिच्या खाटेपासून मोजता येईल का? दोन दिवसांत अत्यंत सभ्य उत्तर आलं. मोजणी इमारतीच्या ठरलेल्या एका बिंदूपासून होते, घरात कोण कुठे झोपतं याच्याशी तिचा संबंध नसतो. बायकोने तो ईमेल आजपर्यंत सात जणांना दाखवला आहे.

त्यामुळे घर बघताना एस्टेट एजंटला ओल, हीटिंग, शेजार असले प्रश्न विचारू नका. त्याला नकाशा दाखवायला सांगा. आमच्या उत्तरेकडच्या भिंतीवर नोव्हेंबरपासून काळी बुरशी चढते, फेब्रुवारीत ती छतापर्यंत जाते. शाळेत जागा मिळेल इतक्या जवळच्या टापूला इथे कॅचमेंट म्हणतात, म्हणून आम्ही तिला कॅचमेंटची बुरशी म्हणतो. पुसतो, पण आदराने.

एक अडचण येईल. कंपनी पहिले काही आठवडे सर्व्हिस्ड अपार्टमेंटमध्ये ठेवते, आणि काउन्सिलला पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार आणि काउन्सिल टॅक्सचं बिल लागतं. करार हवा तर घर हवं, घर ठरवायचं तर शाळा ठरलेली हवी, आणि शाळा ठरायची तर करार हवा. या वर्तुळात तीन-चार चकरा मारा. लंडन पाहून होतं.

फॉर्मवर लंडनमध्ये सहा शाळा लिहिता येतात. प्राथमिकची मुदत १५ जानेवारी, माध्यमिकची ३१ ऑक्टोबर. तुम्ही एकच शाळा लिहा, म्हणजे काउन्सिलला तुमची निष्ठा दिसेल. तुम्ही कोणती शाळा कितव्या नंबरवर टाकलीत ते शाळांना दिसत नाही, एकच नाव लिहिल्याने शक्यता कणभरही वाढत नाही, आणि ती शाळा हुकली की इतरांनी मागून उरलेली जागा तुमच्या नावावर येते, हे सगळं काउन्सिलच्या पुस्तिकेत छापलेलं आहे. पण पुस्तिका वाचणारे पालक वेगळे आणि मनापासून हवं असणारे पालक वेगळे.

शाळा चांगली कशी ओळखायची? यासाठी ऑफस्टेड नावाची सरकारी संस्था आहे, १९९२ पासून. ती शाळा तपासायची आणि एका शब्दात शेरा द्यायची. सर्वांत वरचा शब्द 'आउटस्टँडिंग'. हा शब्द मिळालेल्या शाळांना २०१२ पासून २०२० पर्यंत नेहमीच्या तपासणीतून सूट होती, त्यामुळे काही फाटकांवरचे बॅनर दहा-दहा वर्षं उन्हापावसात लटकत राहिले. ज्या मुलांच्या जिवावर तो शब्द मिळाला ती कॉलेजातून बाहेर पडली, तपासणीच्या वेळचे मुख्याध्यापक निवृत्त झाले, पण कापड शाबूत. अशी शाळा दिसली की आत जायची गरज नाही. फाटकाशी फोटो काढा आणि ०.३ मैलांच्या आत घर शोधायला लागा.

सप्टेंबर २०२४ पासून सरकारने हा एका शब्दाचा शेरा बंद केला. नोव्हेंबर २०२५ पासून त्याऐवजी रिपोर्ट कार्ड येतं. त्यात वेगवेगळ्या बाबींवर वेगवेगळा शेरा, वेगवेगळा रंग. पालकांचे यात फार हाल झाले. शब्द एकच होता तेव्हा वाचावं लागत नव्हतं. आता शाळेची हजेरी एका रंगात, शिकवणं दुसऱ्या रंगात, आणि मुलांचं कल्याण तिसऱ्या. आमच्या ग्रुपवर यावर तोडगा निघाला आहे. सगळ्यात गडद हिरवा रंग किती चौकोनांत आहे ते मोजायचं आणि बेरीज टाकायची. खालचा मजकूर एकाने चुकून वाचला होता, त्याला विचारलं तर म्हणाला बरा असतो.

चर्चच्या शाळांबद्दल थोडक्यात. त्याही सरकारी पैशावर चालतात, फी नसते, आणि त्यांतल्या पुष्कळ शाळा जागा कमी पडल्या की नियमित चर्चला येणाऱ्या कुटुंबांना आधी घेतात. पाद्र्याची सही लागते. माझ्या ओळखीतले एक पक्के नास्तिक, ज्यांनी स्वतःच्या घराची वास्तुशांत होऊ दिली नाही, ते दोन वर्षं दर रविवारी पहिल्या बाकावर उभे राहून स्तोत्रं म्हणत होते. आवाज चांगला आहे त्यांचा. जागा मिळाल्यानंतरच्या रविवारी मात्र अकरा वाजेपर्यंत झोपले.

फीच्या शाळा हव्या असतील तर आधी शब्द समजून घ्या. इथे 'पब्लिक स्कूल' म्हणजे जी पब्लिकला परवडत नाही ती. ईटन १४४० सालची, हॅरो १५७२ ची. नेहरू हॅरोचे. १ जानेवारी २०२५ पासून अशा खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागतो, म्हणजे मुलाला शिकवताना देशाच्या तिजोरीचंही भलं. परवडत नसेल तर वायव्य लंडनमधल्या हॅरो भागात फ्लॅट घ्या आणि पोरं तिथल्या सरकारी शाळेत घाला. 'मुलगा हॅरोला शिकतो' या वाक्यात खोटं काहीच नाही. पुढचं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

ग्रामर शाळा हा खास आपल्या लोकांचा विषय. फी नाही आणि प्रवेश परीक्षा आहे, म्हणजे आपल्याला अजून काय पाहिजे. सटन, किंग्स्टन, बार्नेट, बेक्सली अशा लंडनच्या मोजक्या बरोंमध्ये, म्हणजे पालिका विभागांत, त्या आहेत. परीक्षेचं नाव इलेव्हन प्लस, पण मुलं ती इयर सिक्सच्या सुरुवातीला, सप्टेंबरात देतात, तेव्हा बहुतेक जण दहाच वर्षांचे असतात. किंग्स्टनमधल्या दोन प्रसिद्ध ग्रामर शाळांचं नाव टिफिन, एक मुलांची, एक मुलींची. नाव ऐकून मला डबा आठवला, पण ते सतराव्या शतकातल्या दोन टिफिन बंधूंच्या देणगीवरून आलंय. ही माहिती तोंडी लावायला बरी. क्लास मात्र इयर फोरपासून लावा. इयर थ्रीपासून लावलेला असेल तर ग्रुपवर 'आम्ही काही विशेष तयारी करून घेत नाही' असं लिहा. सगळे तेच लिहितात.

शाळा बघायला जाल तेव्हा 'मुलं इथे रमतात का' असं विचारू नका, मुख्याध्यापकांना वाटेल तुम्हाला दुसरं काही सुचलं नाही. मी एका शाळेत पाठ्यपुस्तकं कुठे आहेत ते विचारलं. बाईंनी आनंदाने एक कपाट उघडून चिखलाचे बूट दाखवले. पाऊस असला तरी मुलं बाहेर जातात म्हणाल्या. मी वहीत 'बूट' असं लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

आता मुख्य मुद्दा. १६ एप्रिलला प्राथमिकचे निकाल येतात. समजा तुम्हाला जागा मिळाली. कुठे मिळाली ते बघा. तुम्ही मागितली नव्हती त्या शाळेत मिळाली असेल, तर ताबडतोब संशय घ्या. लंडनमध्ये जन्म कमी झालेत, घरभाडी परवडत नाहीत म्हणून तरुण कुटुंबं बाहेर पडली आहेत, आणि हॅकनी, लॅम्बेथ, सदर्क, कॅम्डेन अशा भागांत प्राथमिक शाळा मुलं नाहीत म्हणून बंद कराव्या लागल्या किंवा दोनच्या एक झाल्या. ही झाली अर्थशास्त्राची कारणं. आपण पालक आहोत. आपल्याला एवढंच कळतं, की जिथे रांग नाही तिथला माल खराब.

आम्हाला अशीच शाळा मिळाली. घरापासून चार मिनिटं, बसडेपोच्या मागे. रिसेप्शन ते इयर टू एका शिक्षकामागे वर्गात तीसपेक्षा जास्त मुलं नकोत असा कायदा आहे. आमच्या वर्गात एकवीसच. हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला. बाकीच्या नऊ जणांच्या पालकांना असं काय माहीत होतं, जे आम्हाला नव्हतं? बाईंना एकवीसच्या एकवीस मुलांची नावं पहिल्याच आठवड्यात पाठ झाली, शिवाय कुणाच्या घरी कुठली भाषा बोलतात तेही. आमच्या मुलीकडून त्यांनी 'शाबास' हा शब्द शिकून घेतला आणि आता तो सगळ्या वर्गाला लागू आहे. इतका रिकामा वेळ चांगल्या शाळेतल्या शिक्षकांकडे असतो का, तुम्हीच सांगा.

दुपारचं जेवण शाळेत फुकट, सप्टेंबर २०२३ पासून लंडनच्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत आहे, तेव्हा त्याचं श्रेय यांना द्यायचं कारण नाही. दप्तरात रोज एक पातळ पुस्तक येतं. मुलगी ते आवाज काढून वाचते, कोल्ह्याचा वेगळा, कोंबडीचा वेगळा. गृहपाठ विचारला तर म्हणते हाच. परवा कोटाच्या खिशातून गोगलगाय निघाली, शाळेच्या बागेतली, तिला नावही ठेवलेलं होतं. आज काय शिकलीस विचारलं, तर 'गोगलगायीला दात असतात' एवढंच हाती लागलं. मी ते रात्री तपासलं. असतात, हजारो. पण इलेव्हन प्लसला विचारणार आहेत का?

म्हणून सांगतो, मिळालेल्या शाळेत मूल रमतंय एवढ्यावर गाफील राहू नका. पहिल्या पसंतीच्या शाळेच्या वेटिंग लिस्टवर नाव ठेवा आणि दर सोमवारी फोन करा. ही यादी आधी कोण आलं यावर चालत नाही, निकषांवर चालते. काल राहायला आलेला, पण शाळेच्या आणखी जवळचा माणूस तुमच्या पुढे उभा राहतो. सप्टेंबरात आमचा नंबर नववा होता. या सोमवारी चौदावा निघाला. मी फोन ठेवला तेव्हा मुलगी जमिनीवर बसून गोगलगायीच्या डब्याला भोकं पाडत होती.

"बाबा, कोण होतं?"

"तुझी शाळा."

"पण माझ्या शाळेत आता कुणीच नाहीये," ती म्हणाली. "सगळे घरी गेलेत."