खुलासा : डच आडनावं नेपोलियनच्या थट्टेतून आलेली नाहीत

‘नेपोलियनने सक्ती केली म्हणून डच लोकांनी १८११ मध्ये थट्टेने नाक्तखेबोरेन (नागडा जन्मलेला) असली आडनावं घेतली. त्यामुळे त्याआधीच्या सामान्य डच माणसाचा माग लागत नाही,’ असा मजकूर फिरतोय. त्यातला हुकूम तेवढा खरा आहे : १८ ऑगस्ट १८११.

हॉलंड प्रांतातल्या बहुतेक घराण्यांना तेव्हा आडनावं होतीच. खुद्द नाक्तखेबोरेन हे नावही १८११ च्या कितीतरी आधीच्या नोंदींत सापडतं. नवी नावं घेतली गेली ती मुख्यतः फ्रीसलंडसारख्या उत्तर-पूर्व भागांत. तिथे तोवर मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लागे. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

आणि माग लागतो, चांगला लागतो. १८११ आधी चर्चच्या बाप्तिस्मा आणि विवाहाच्या वह्या आहेत, नंतर सरकारी जन्म-मृत्यू नोंदी. पण खरा खजिना १९व्या शतकातल्या लग्नाला जोडलेल्या कागदांचा. नवरा-नवरीच्या जन्माचे उतारे, आईबाप हयात नसतील तर त्यांच्या मृत्यूचे दाखले. नवऱ्याच्या लष्करभरतीच्या दाखल्यावर तर अनेकदा उंची, डोळ्यांचा रंग, नाक, हनुवटी, सगळं टिपलेलं. फोटो नसलेल्या शेतमजुराचा चेहरा असा हाती येतो! जोडपं गरीब असेल तर फी माफीसाठी गरिबीचा दाखलाही जोडलेला असतो.

जन्माच्या नोंदी १०० वर्षांनी, लग्नाच्या ७५ आणि मृत्यूच्या ५० वर्षांनी सर्वांना खुल्या होतात. बऱ्याचशा ऑनलाइन फुकट बघता येतात.