फोनवरून दात बघणं ही फसवणूक नव्हे

फोनवरून दात बघण्याबद्दल एक दावा कोकणात फॉरवर्ड होत असतो: ‘दाताला हात लावल्याशिवाय काही कळत नाही, आपल्याकडे रेंज नाही, आणि डेंटिस्टनाच यातलं काही माहीत नाही.’

पहिला मुद्दा अर्धाच खरा. दोन दाढांमधली कीड फोटोत दिसत नाही, तिला एक्स-रे लागतो. कुठली दाढ ठोकल्यावर दुखते तेही खुर्चीतच कळतं. पण आज कोणी निघायचं आणि कोणी सोमवारपर्यंत थांबायचं, हे फोनवर बरंचसं ठरतं. जबड्याखाली सूज, ताप, गिळायला त्रास, तोंड दोन बोटंही उघडत नाही, असं कानावर आलं की फोटो मागत बसायचं नाही, थेट रुग्णालय. ती सूज श्वास अडवू शकते. मशेरी लावणाऱ्या बाईच्या गालात दोन आठवडे न भरलेली जखम असेल, तर फोटोवरून निदान होणार नाही, पण जखमेचा तुकडा काढून तपासायला हवा एवढं समजतं.

आणि पडलेला दात! खाडीपलीकडच्या धोपाव्यात मुलाचा पुढचा कायमचा दात मुळासकट निखळला, तर दाभोळची फेरीबोट गाठेपर्यंत मुळावरच्या पेशी सुकून मरायला लागतात. तेव्हा फोनच कामाचा. दात पांढऱ्या भागाला धरायचा, मूळ घासायचं नाही, दुधाने हलकेच धुऊन लगेच जागेवर बसवायचा आणि रुमाल चावायला द्यायचा. जमलं नाही तर दुधात ठेवून निघायचं. साध्या पाण्यात नको. शहाळ्याच्या पाण्यातही नको, ते किंचित आम्लधर्मी असतं. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

रेंजचं म्हणाल तर व्हिडिओ कॉल लागतोच कुठे? फोटो पाठवून ठेवा, रेंज आली की जातील. पण ते नीट काढा. दात फडक्याने कोरडे करा, नाहीतर थुंकीवर फ्लॅश चमकतो आणि नेमकी कीड झाकली जाते. चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला धरा. फोटो दुसऱ्याने, वीतभर लांबून, झूम करून काढावा: समोरून, उजवीकडून, डावीकडून, वरचा जबडा, खालचा जबडा. व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि बारीक चीर पुसली जाते.

डेंटिस्टना माहीत नाही, हे आम्हाला पटत नाही. अडतं ते दुसरीकडे. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून उपचार) सूचनांत डॉक्टरची व्याख्या 1956 च्या वैद्यकीय कायद्याखाली नोंदलेल्यांची आहे. डेंटिस्टची नोंदणी तेव्हा 1948 च्या वेगळ्या कायद्याखाली होती, म्हणजे त्या व्याख्येत ते येत नाहीत. त्यामुळे न बघता औषध लिहून द्यायला कोणी कचरलं, तर त्याला अडाणी ठरवू नये. शिवाय फी कधी घ्यायची, फोटो कुठे जपायचे, हेही प्रश्न आहेतच.

फोनवरून बघण्याची सुरुवात दाढ काढलेल्या पेशंटपासून करावी. तिथे पेशंट ओळखीचा, केसपेपर हाताशी. तिसऱ्या दिवशी फोन करून विचारायचं, दुखणं उतरतंय की चढतंय? चढत असेल, कानापर्यंत कळ जात असेल आणि फोटोत खाच रिकामी, रक्ताच्या गुठळीशिवाय दिसत असेल, तर ड्राय सॉकेट (गुठळी निघून आतलं हाड उघडं पडणं) धरून त्याच दिवशी बोलवायचं.