रडूबाई, पण पळपुटी नव्हे

‘सेलर मून’ या जपानी कार्टून मालिकेची नायिका उसागी म्हणजे नुसती रडूबाई. राक्षस आला की तिने किंचाळायचं, टक्सीडो मास्क या मुखवटेवाल्या नायकाने गुलाब फेकायचा, भाग संपला. हा दावा एका छोट्या क्लिपसकट हल्ली जिकडेतिकडे फिरतोय. क्लिप खोटी नाही, १९९२ मधल्या सुरुवातीच्या भागांतली आहे. पण २०० भागांच्या मालिकेचा निकाल त्यावर लावायचा म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि तीही पाणी उकळायच्या आधी.

‘तोच तिला वाचवतो.’ त्या भागांतही नीट बघा. गुलाब येतो, राक्षस क्षणभर थबकतो, आणि साहेब दोन वाक्यं सुनावून अंधारात गडप होतात. राक्षसाला संपवते ती उसागी, स्वतःच्या टिआराने, म्हणजे कपाळावरच्या मुकुटाने. पहिल्या पर्वाच्या शेवटी तर हाच टक्सीडो मास्क, म्हणजे मामोरू, शत्रूच्या कह्यात जाऊन तिच्यावर चालून येतो, आणि त्याला माणसात आणते ती. ‘स्टार्स’ या अखेरच्या पर्वात गॅलॅक्सिया ही खलनायिका त्याला सुरुवातीलाच संपवते. तो परततो तो थेट शेवटच्या भागात. मधल्या काळात कुणाचे गुलाब येत होते?

‘सारखी रडते.’ हो, रडते की. चौदा वर्षांची मुलगी आहे. पण कशासाठी रडते, ते बघायला हवं. पहिल्या भागात परीक्षेत ३० मार्क पडले म्हणून. ४५ व्या भागात उत्तर ध्रुवावरच्या लढाईत तिच्या चौघी लढवय्या मैत्रिणी एकेक करून तिच्यासाठी मरतात म्हणून. त्यानंतर ती एकटी पुढे जाते. तिच्याकडच्या जादूच्या रुपेरी स्फटिकाची सगळी ताकद वापरली तर जीव जातो, तिच्या मागच्या जन्मातल्या आईचा तसाच गेला होता. तरी ती वापरते. तिसऱ्या पर्वात युरेनस आणि नेपच्यून या तिच्याच बाजूच्या दोन योद्ध्या म्हणतात, जग वाचवायचं तर होतारू या एका मुलीचा बळी द्यावाच लागेल. उसागी ऐकत नाही. होतारू स्वतःच मृत्यूच्या तोंडात शिरते, तेव्हा ही रडत, ओरडत तिच्यामागे आत जाते आणि तिला घेऊन बाहेर येते. रडणं थांबल्यावरच धैर्य सुरू होतं, हे कुणी ठरवलं?

या गैरसमजाला एक कारण आहे. १९९५ च्या उत्तर अमेरिकी इंग्रजी आवृत्तीत पहिल्या पर्वाचे शेवटचे दोन भाग कापून एकच केला गेला. मैत्रिणींचे मृत्यू गेले, त्या फक्त कैद झाल्या असं सांगितलं. ज्यांनी तेवढंच पाहिलं, त्यांना ती भित्री भागूबाई वाटली तर नवल नाही.

‘सगळं जन्मानेच मिळालं, मागच्या जन्मीची चंद्राची राजकन्या ना!’ मिळालं, आणि तिला नको होतं. तिचं पूर्ण नावच त्सुकिनो उसागी, म्हणजे चंद्रावरचा ससा. (शशांक म्हणणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगायला नको.)

‘खेळणी विकायला काढलेली मालिका.’ विकली, बांदाई या खेळण्यांच्या कंपनीनेच. पण जादूची कांडी खपवायला नायिकेला मारावं लागत नाही.

४६ व्या भागात ती मरता मरता एवढंच मागते, की सगळ्यांबरोबर पुन्हा साधं आयुष्य मिळावं. मिळतं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखीच उशीर झाला म्हणून शाळेकडे पळत सुटते. जग वाचवल्याचं तिला काहीही आठवत नसतं.