सिग्नलला बंद पडणारी अल्टो: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार दिलाय. लिहिलंय की सेकंडहँड घेतलेली २००९ची अल्टो गरम झाली की सिग्नलला थरथरते आणि बंद पडते, म्हणून दोनदा आमच्याकडे आणली, २,३५० रुपये गेले, आणि शेवटी दुसऱ्या मेकॅनिकनं अर्ध्या तासात ५०० रुपयांत टॅपेट (इंजिनातल्या झडपा ढकलणारे भाग) सेट करून दिले. 'यांना नुसते पार्ट बदलता येतात' हे तुमचं शेवटचं वाक्य. वाचून राग आला, खोटं कशाला सांगू. मग जॉबकार्ड काढून बसलो आणि राग उतरला. बिघाड ओळखण्यात आमचंच चुकलंय.

तुम्ही गाडी रात्री लावून गेलात आणि आमच्या पोरांनी ती सकाळी नऊला तपासली. इंजिन पूर्ण थंड. स्कॅनरवर आयडल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग, स्थिर, बिघाडाचा कोड एकही नाही. तक्रार गरम गाडीची आणि तपासणी थंड गाडीची, इथंच गाडं अडलं. कात्रज घाटात एक चक्कर मारून आणली असती, तर तिनं स्वतःच सगळं सांगितलं असतं.

थ्रॉटल (इंजिनाला हवा सोडणारा भाग) उघडलं तर आत काजळीचा जाड थर. अठरा लोकांपैकी सतरा जण तिथंच म्हणतील, सापडला रोग. आम्हीही तेच म्हणालो. साफ केल्यावर आयडल सुधारलं, तुम्ही आठ दिवस खूश होतात, आणि मूळ दुखणं खाली झाकलेलंच राहिलं.

ते दुखणं असं. तुमच्या गाडीला आधीच्या मालकानं सीएनजी किट लावलं होतं आणि विकताना काढून घेतलं. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसावं. इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवर, ओळीनं तीन भोकं आहेत, किटच्या गॅस-नळ्यांची, स्क्रू मारून बंद केलेली. माझ्या मुलानं थ्रॉटल काढताना ती पाहिली होती, 'असेल काहीतरी' म्हणून सोडून दिली. मी असतो तर सोडली नसती, पण त्या दिवशी मी गॅरेजवर नव्हतो. ही काही सबब नाही. गॅस कोरडा जळतो, त्यात व्हॉल्व्हची, म्हणजे झडपेची, बसायची जागा (सीट) झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेट व व्हॉल्व्हमधला गॅप कमी होत जातो. इंजिन तापलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) लांबतो, उरलासुरला गॅपही संपतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गळतं. रस्त्यावर वेगात ते जाणवत नाही, सिग्नलला एसी चालू असताना मात्र इंजिन दम तोडतं. स्कॅनर वायरी आणि सेन्सर बघतो, व्हॉल्व्ह बसलाय की नाही हे त्याला कुठून दिसणार? शिवाय सैल टॅपेट टकटक करतो, घट्ट झालेला गप्प असतो. गप्प इंजिन चांगलं, असा आपला सगळ्यांचा समज.

स्पार्क प्लग उगाच बदलले असं म्हणत असाल, तर ते मात्र मान्य नाही. तिन्ही प्लगच्या टोकांमधला गॅप वाढलेला होता. जुने प्लग पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेत, बघून घ्या. ते बदलायला झालेच होते, फक्त तुमच्या तक्रारीवरचं औषध ते नव्हतं. तेव्हा बिलातली ९०० रुपये मजुरी परत करतो. प्लग आणि एअर फिल्टरचे पैसे राहतील.

दुसऱ्यांदा आलात तेव्हा 'जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच' असं उत्तर मिळालं, असं तुम्ही लिहिलंय. विचारलं, खरं निघालं. याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटलं. तीन सिलिंडरचं इंजिन आहे, थोडी थरथर राहणार, तेवढं ठीक. पण दांडेकर पुलाच्या सिग्नलला मागून पीएमपीची बस हॉर्न मारतेय आणि गाडी बंद, हे 'चालायचंच' नाही. त्या पोराला समज दिलीय.

त्या मेकॅनिकनं काम बरोबर केलंय. फक्त सीट झिजली असेल तर गॅप पुन्हा कमी होऊ शकतो, आणि व्हॉल्व्हची कड जळली असेल तर नुसत्या सेटिंगनं भागत नाही, इंजिनचं हेड (वरचा भाग) उघडावं लागतं. दोन-तीन हजार किलोमीटरनंतर कॉम्प्रेशन एकदा मोजून घ्या. आमच्याकडे आलात तर त्याचे पैसे घेणार नाही, तिकडे केलंत तरी चालेल, पण करा. आरसीवर इंधन काय लिहिलंय तेही बघा. सीएनजीची नोंद अजून असेल तर ती काढून घ्यावी लागेल.

गुरुवारी गॅरेज बंद असतं. बाकी कधीही या, मजुरीचे पैसे काउंटरवर काढून ठेवलेत. येताना गाडी गरमच आणा, दारात थांबवून थंड होऊ देऊ नका.