शुगर, मुतखडा, लकवा, सगळं एकाच पॅम्प्लेटात

आज परत पेपरातनं ते गुलाबी पॅम्प्लेट पडलं. शुगर मुळापासून बंद, मुतखडा विनाऑपरेशन, लकवा, मूलबाळ होत नसेल तरी या, आणि खाली 'दर मंगळवारी स्टँडजवळच्या लॉजवर भेटतील'. लॉजवर!! अहो सांगलीला चिकटून मिरज आहे, कर्नाटकातनं माणसं तिथं दवाखान्याला येतात, आणि आमची आत्ती इन्सुलिन बंद करून मंगळवारची वाट बघत बसलीय.

बरं कायदा नाही असंही नाही, १९५४ पासून आहे, ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज ॲक्ट, त्यात ५४ आजारांची यादीच दिलीय, डायबेटिस कॅन्सर लकवा मोतीबिंदू मुतखडा, अगदी उंची वाढवणंसुद्धा, यावर आमचं औषध चालतं अशी जाहिरातच करायची नाही, पहिल्यांदा दोषी ठरला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रजिस्टर्ड डॉक्टरला स्वतःच्या दवाखान्यावर पाटी लावायची सूट आहे, तेवढीच. एमबीबीएसवाल्यानं पेपरात काय द्यायचं तर दवाखाना उघडला, पत्ता बदलला, सुट्टीवर चाललोय, असलंच. ते गप नियम पाळतात आणि ज्याची डिग्रीच छापलेली नाही तो 'शंभर टक्के गॅरंटी' छापतो.

छापणाराही यात अडकतो बरं का, जाहिरात प्रसिद्ध करण्यात कुणीच भाग घ्यायचा नाही असं कायद्यात आहे. पेपरवाल्याला बोललो तर म्हणे, 'काका, पैसे दिले की टाकायचं, आमी कशाला वाचतोय.'

अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार देणारच आहे, पण आत्तीला कोण समजावणार? ती म्हणती, 'आरं छापून आलंय, खोटं कसं असंल?'